चव लागते की लावली जाते?



डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले की आता हा गोड खाऊ नका म्हणून सांगणार, अशी धास्ती श्रोत्यांना असते. आज तसे काही होणार नाही. मी पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरला होमिओपॅथीचा दवाखाना चालवतो. जन्माने जैन आहे. आमचे आजोबा किराणा दुकानाच्या निमित्ताने बेळगावकडून इकडे आले आणि इथलेच झाले. अशा माणसाने वाइनवर बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण एखादी चव माणसाला उपजत असते, की इतिहास ती त्याच्या जिभेवर आणून ठेवतो, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे माझ्या मनात आहे. त्याचा उगम मी घरी कधी सांगितला नाही. आज आई-वडील हयात नाहीत, म्हणून आपल्यापुढे सांगतो.

शिकत असताना एका नाताळात मी बार्देशातल्या मित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. माझ्यासाठी वेगळी भाजी-पोळी केली होती. जेवणाआधी त्याच्या आजीने छोट्या पेल्यातून सर्वांना तांबडी वाइन दिली. नको म्हणायला जीभ रेटली नाही. मी एक घोट घेतला. आंबट, तुरट, नंतर कडसर. हिरडा चघळल्यासारखे तोंड कोरडे पडले. माझा चेहरा पाहून मित्र म्हणाला, "सवयीने आवडेल." आजी हसून म्हणाल्या, "मला तरी पहिल्यांदा कुठे आवडली होती? लहानपणी सणाला पाण्यात घालून बोटभर मिळायची. घोटाघोटाने लागली."

त्या घोटाने मी नियम मोडला होता. मद्य, मांस आणि मध यांचा त्याग हा आमच्याकडे श्रावकाच्या आचाराचा पाया मानतात. पण मला अपराधापेक्षा दुसरीच गोष्ट टोचत राहिली. पुढे मी वाइनला कधी हात लावला नाही, तो व्रतामुळे, की मुळात ती आवडलीच नाही म्हणून?

आता इतिहासाकडे वळू. सुरुवात एका वैद्यापासूनच करतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतातल्या औषधी द्रव्यांवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात माडाची सूर आणि तिच्यापासून गाळलेली दारू यांची माहिती आहे. त्या दारूला तो जे नाव देतो ते आपल्या 'हुर्राक' शब्दाच्या अगदी जवळचे आहे. मूळ अरबी 'अरक'. म्हणजे पोर्तुगीज स्थिरावत होते तेव्हाही इथली माणसे आपल्या झाडाची दारू पीत होती. दारू त्यांनी आणली, असे म्हणणे बरोबर नाही. त्यांनी आणली ती द्राक्षाची वाइन.

ती येण्याला मोठे कारण होते. ख्रिस्ती मिस्सेला द्राक्षाचीच वाइन लागते, दुसरी चालत नाही. तेव्हा पहिली वाइन वेदीसाठी आली आणि दुसरी अधिकाऱ्यांच्या मेजासाठी. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत ती वेदीवरून आणि मेजावरून हळूहळू सणाच्या पंगतीत उतरली. मित्राच्या आजींच्या पेल्यामागे हा असा शेकडो वर्षांचा रस्ता आहे. त्यांच्या जिभेला ती चव आजीच्या आजीने लावली होती.

आपल्या भागाची गोष्ट वेगळी. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. आमच्याकडे देवळे राहिली, जत्रा राहिल्या, मराठी कीर्तने आणि नाटके राहिली. वाइनची वेदी आमच्या गावात आली नाही, आली ती कचेरी. कचेरीतल्या साहेबाच्या मेजावर बाटली असेल, पण साहेबाची पंगत ही आपली पंगत नव्हे. वाइन बोटीने यायची, महाग असायची आणि दुसऱ्याची असायची. पेडण्या-डिचोलीच्या जुन्या घरांना वाइनची चव लागली नाही, याचे कारण मला जिभेत सापडत नाही, या अंतरात सापडते.

याच काळात एक दुसरे झाड मात्र डोंगरावर चढून बसले. काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांनीच आणला. ओर्ताच्या ग्रंथात त्याचा उल्लेख नाही. १५७८ मध्ये क्रिस्तोवांव द कोश्ता या दुसऱ्या वैद्याच्या ग्रंथात तो कोचीनच्या बागांत दिसतो. पुढे तो आपल्या कातळावर असा रुजला की हे झाड परके आहे असे सांगितले तर शाळेतली मुले हसतील. बोंडूचा रस काही कमी तुरट नाही. घशात खवखवतो, कपड्यावर पडला तर डाग जात नाही. तरी तोच रस तुडवून, आंबवून, मडक्यात तापवून पहिल्या गाळपाची हुर्राक आणि पुन्हा गाळून फेणी निघू लागली. उन्हाळ्यात आमच्या गावात शिरलात तर भट्टी कुठे आहे हे विचारावे लागत नाही. बोंडूही परका, द्राक्षही परके. एक रुजला, दुसरे नाही. कारण एक आपल्या डोंगरावर वाढला आणि दुसरे बाटलीत बंद होऊन आले.

चवी अशाच येतात. मिरचीचे पाहा. तीही पोर्तुगिजांबरोबर आली. त्याआधी तिखटपणासाठी आपल्याकडे मिरी होती. आज मिरचीशिवाय मराठी स्वयंपाक होईल का? जिभेला भाजणारी वस्तू काही पिढ्यांत 'आपली' झाली. गंमत अशी, की मिरचीची आग ज्या संवेदकाला जाणवते, त्याच संवेदकाला मद्यार्कही डिवचतो, असे अलीकडचे संशोधन सांगते. म्हणजे 'मला जळजळ सोसत नाही' हे मराठी माणसाने वाइनबद्दल सांगण्यात अर्थ नाही. आपण ठेचा खातो.

चहाचे तर कालचेच. १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढे ग्रामण्य झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे दोघेही त्यात गुंतले होते. वाद चहाच्या चवीचा नव्हता, कोणाच्या हातचा घेतला याचा होता. पुढे १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. लोकांना फुकट पेले पाजून सवय लावली गेली. कडू तुरट काढ्यात आपण दूध-साखर घातली आणि पाहुण्याला चहा न विचारणे हा अपमान ठरला. एका आयुष्याच्या अवधीत बाटवणारे पेय आतिथ्याचे पेय झाले.

मग कोणतीही चव सवयीने लागते का? नाही. गुढीपाडव्याला आपण सगळे कडुनिंबाचे पान खातो. पिढ्यान् पिढ्या खातो, मानाने खातो, घरच्यांच्या सोबतीने खातो. कडुनिंब आवडू लागला असा माणूस आपल्या पाहण्यात आहे का? वर्षातून एकदाच, चिमूटभर आणि औषध म्हणून खाल्ले की चव लागत नाही. चव लागायला वारंवारता लागते, सोबत लागते, प्रतिष्ठा लागते आणि शेवटी काहीतरी बक्षीस लागते. चहात ते साखर आणि तरतरी देते. वाइनमध्ये मद्यार्क देतो. जिभेची नावड मागे पडते ती या बक्षिसामुळे, हे वाइनचे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

जिभेचाही वाटा आहे, तो नाकारत नाही. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. शेजाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला काहीच लागली नाही. पुढे कळले की काही कडू चवी जाणवणे न जाणवणे हे आनुवंशिक असते. तांबड्या वाइनमधले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते. कच्च्या सुपारीने पडते तसेच. तेव्हा ज्याला वाइन आवडत नाही त्याची जीभ अडाणी नसते. ती आपले काम चोख करत असते. आणि ज्याला आवडते त्याची जीभ सुसंस्कृत असतेच असे नाही. ती शिकवलेली असते.

शिकवणारे कोण, हे आपल्या डोळ्यांदेखत बदलले आहे. इब्रामपूर हद्दीवरचे गाव. पलीकडे महाराष्ट्र. १९६१ पर्यंत ती दोन देशांची हद्द होती. पलीकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि पिणाऱ्याला परवाना लागू लागला. अलीकडे भट्ट्या राजरोस चालल्या. म्हणून पलीकडच्या माणसाची जीभ वेगळी झाली का? त्याच महाराष्ट्रात २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आले. नाशिकच्या द्राक्षाला भाव मिळावा म्हणून वाइन शेतीमालाच्या रांगेत बसली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असेही म्हटले गेले. विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय अमलात आला नाही. इकडे गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये ती वारशाचे पेय ठरली. त्याआधी ती नुसती गावठी दारू होती. रस तोच, मडके तेच. बदलली ती पाटी. पाटीबरोबर चवही बदलते, असे मला दिसते.

इथवर बोलल्यावर मी स्वतःला सोडून देणे बरे नव्हे. माझ्या कपाटातल्या बाटल्यांत मद्यार्क आहे. होमिओपॅथीची औषधे त्यातच टिकवतात. साबुदाण्याएवढ्या साखरगोळ्यांवर थेंब टाकून मी त्या वाळवतो. माझी आई गोळी हातात घेऊन दर वेळी विचारी, "वाळली म्हणजे गेली का रे?" मी म्हणे, "बरीचशी गेली." ती म्हणे, "बरीचशी म्हणजे सगळी नव्हे." आणि गोळी परत देई. तिने आयुष्यात मद्याचा थेंब चाखला नव्हता. तिची नावड चाखून आलेली नव्हती, ती संस्काराने लावलेली होती. म्हणजे नावडसुद्धा लावली जाते. वाइन आवडणारा घडवलेला असतो, तसा न आवडणाराही.

हे मला एका रुग्णाने शिकवले. भट्टीवर वाढलेला माणूस. वाफेच्या वासावरून माल कसा उतरला ते सांगे. पिणे हाताबाहेर गेले तेव्हा बायको त्याला घेऊन आली. खूप पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकते. म्हणून मी गोळ्या न देता आधी त्याला मोठ्या इस्पितळात पाठवले. तिथून परत आल्यावर तो माझ्याकडे नुसता बसायला येई. एकदा मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "मी नाही का तिच्याशिवाय राहिलो?" तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही काय सोडलंत? तुम्हाला ती आवडलीच कुठे होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. वडील म्हणत, जे हवेसे वाटते ते सोडणे म्हणजे त्याग. त्या हिशेबाने माझ्या खात्यात काही जमा नाही. त्याच्या खात्यात आहे.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हापासून आपल्या गावोगावच्या जत्रांतून आपण ते पाहत आलो. कोर्टातल्या अपमानाने खचलेल्या सुधाकराला तळीराम पहिला प्याला देतो. त्या प्याल्याची चव कशी होती, हा तिथे प्रश्नच नसतो. दुखावलेल्या माणसाला सोबत मिळते, हे महत्त्वाचे असते. चव मागाहून येते.

तेव्हा मंडळी, आपल्या घरांतली मुले आता पुण्या-मुंबईत, परदेशांत मेजवान्यांना जातात. कोणी वाइनचा पेला पुढे करतो, मूल तोंड वेडेवाकडे करते आणि ऐकते, "सवयीने आवडेल." ते खरे आहे. सवयीने आवडेल. पण सवय कोणाच्या सोबतीने लावायची, कशासाठी, आणि लावायचीच का, हे विचारण्याचा हक्क त्या मुलाला आहे, एवढे आपण त्याला सांगू या. न आवडणे हे मागासलेपण नाही. आणि न आवडल्याबद्दल मिरवण्यासारखेही काही नाही, हे मी स्वतःला सांगतो.

तो रुग्ण अजूनही उन्हाळ्यात भावाच्या भट्टीवर जातो. वास घेतो, माल उतरला की नाही ते सांगतो आणि घरी येऊन चहा पितो. दोन चमचे साखर घालून.