अंगाला काचणारा इतिहास

दिवाळी जवळ आली की मुंबईकराच्या घरात दोन कामांची लगबग सुरू होते. एक फराळाची आणि दुसरी गावी जाण्याच्या बांधाबांधीची. नेमका हाच काळ ऑक्टोबरातल्या उष्म्याचा. पावसाने पाठ फिरवलेली असते, थंडीने अद्याप तोंड दाखवलेले नसते. अशा दिवसांत गिरगावातून निघालेला माणूस दादरच्या पुलावर पोचेपर्यंत घामाने निथळतो. पुढे एस. टी.च्या बाकावर चार तास काढले की त्याला उमगते, ऊन एक वेळ सोसते. सोसत नाही तो काच.

'काच' हा आपल्या भाषेतला मोठा बोलका शब्द आहे. जू घासून बैलाच्या मानेला पडतो तो काच, नाडी आवळून कमरेला पडतो तो काच, आणि सासुरवाशीण मुकाट्याने सोसते तोही काचच. तिन्हींची जात एक. मोठी जखम दिसत नाही म्हणून तक्रार करता येत नाही, आणि घासणे थांबत नाही म्हणून दुखणेही थांबत नाही. त्यातून मांड्या, जांघा, काखा ही काचण्याची ठिकाणे चारचौघांत उच्चारण्याजोगी नव्हेत. म्हणून लढाया आणि तहनामे यांच्या इतिहासात काचाला जागा मिळाली नाही. पोशाखाच्या इतिहासात मात्र तो पानोपानी लपलेला आहे.

काचण्याचे कारण साधे आहे. कोरडी कातडी कोरड्या कातडीवरून सहज सरकते. ओलसर कातडी चिकटते, ओढली जाते आणि सोलवटते. देशावरच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो. मुंबईची हवा आधीच बाष्पाने भरलेली, त्यामुळे तो अंगावरच राहतो. जो वाळतो तो मागे मिठाचे कण ठेवतो आणि तेही घासण्यात आपला वाटा उचलतात. तेव्हा उपाय दोनच: कातडी आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी घालणे, आणि ओले झालेले वेळीच बदलणे.

पहिला उपाय आपल्या पूर्वजांनी कासोट्यात बांधून ठेवला. पायांमधून कापड मागे नेऊन खोचायचे, एवढीच ती युक्ती. पुरुषाच्या धोतरात ती आहे, स्त्रीच्या नऊवारीतही आहे. प्रत्येक मांडीला स्वतःचे वेगळे आवरण मिळते, वारा खेळतो आणि चालीला अडथळा होत नाही. वरळी-माहीमच्या कोळणी गुडघ्यापर्यंतचा घट्ट कासोटा घालून डोक्यावर माशांची पाटी घेऊन झपझप चालत, ते उगाच नव्हे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटर, तेही आषाढातल्या सरींत भिजत, चालणाऱ्या वारकऱ्यांच्या मेळ्यातही धोतर आणि नऊवारी आजवर टिकून आहेत.

दुसरा उपाय कोकणाने दिला. राजापुरी पंचा हे त्याचे नाव. विरळ विणीचा, पाणी टिपणारा आणि झटकून दोरीवर टाकला की लवकर वाळणारा. परळ-लालबागच्या गिरण्यांत आलेला चाकरमानी तो खांद्यावर टाकूनच आला. तोच टॉवेल, तोच फेटा, तोच उशाशी आणि तोच नेसायला. त्याची किंमत चार पैसे असेल, पण उष्ण मुलखातल्या प्रवासाचे सारे शहाणपण त्यात विणलेले होते.

आता साहेबाचे पाहा. उष्ण प्रदेशात निघणाऱ्या गोऱ्या माणसाला जी यादी मिळे तिच्यात कातडीला लागून लोकरीचे फ्लॅनेल, डोक्यावर भेंडाची टोपी, पाठीच्या कण्यावर जाड गादी, आणि पोटाला फ्लॅनेलचा पट्टा असे. पोट गारठले की कॉलरा होतो अशी समजूत होती, म्हणून पट्ट्याचे नावच 'कॉलरा बेल्ट'. १८८२ साली कॉलऱ्याने परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये शिरून प्रत्यक्ष गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीला नेले. दोन वर्षांनी कलकत्त्यात रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू पाण्यात दाखवून दिला. तरीही पलटणींच्या पोटावरचे पट्टे पुढे कित्येक वर्षे सुटले नाहीत. परळच्या त्याच वाड्यात १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. वाडा बदलला, पोशाखाची समजूत मात्र मागेच रेंगाळली. शास्त्रापेक्षा प्रतिष्ठा अंगाला अधिक घट्ट चिकटते, हाच याचा अर्थ.

आणि प्रतिष्ठा संसर्गजन्य असते. कचेरीत जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हळूहळू धोतर सोडून पाटलोण चढवली, वर कोट घातला, गळ्याला टायही आवळला. गिरणीतला कामगार त्यामानाने शहाणा. सूत तुटू नये म्हणून विणाई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत. तिथे अर्धी चड्डी आणि बंडी यांपलीकडे काही अंगावर टिकणे शक्यच नव्हते. बाहेर पडताना तो लेंगा चढवी. लेंगा म्हणजे धोतराचा मोकळेपणा आणि पाटलोणीची सोय यांच्यातली मुंबईने केलेली तडजोड होय.

३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. त्याच वर्षी सप्टेंबरात मदुराईला त्यांनी स्वतः पंचा नेसला. त्यामागची प्रेरणा गरिबांशी एकरूप होण्याची होती, हे खरेच. परंतु या देशाच्या हवेला पंचाच शोभतो, असेही त्या कृतीने जगाला सांगितले. खादी जाडीभरडी होती, नव्या सणंगाने मांड्या सोलवटतही. मात्र धुवून धुवून ती मऊ होई आणि घाम पिऊन घेई.

या साऱ्या स्थित्यंतरांत सर्वांत मुकाट्याने काच सोसला तो बायकांनी. विसाव्या शतकाच्या मध्याला गिरगाव-दादरच्या घरांतून नऊवारी मागे पडून गोल पातळ आले. ते सुटसुटीत, स्वस्त आणि शिकलेल्या मुलींचे म्हणून मानाचे. पण त्यात कासोटा गेला. आत परकर आला आणि मांड्यांमध्ये कापड उरले नाही. नोकरीसाठी लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीला याची किंमत दर उन्हाळ्यात मोजावी लागली. ती कोणाला सांगणार? डॉक्टर पुरुष, दुकानदार पुरुष, घरी सासू. पुढे पंजाबी ड्रेस इतक्या वेगाने घरोघर शिरला, त्याला लोक फॅशन म्हणाले. मला मात्र त्यात कासोट्याचे पुनरागमन दिसते. सलवारीने प्रत्येक पायाला त्याचे कापड परत दिले. साडीच्या आत आखूड सुती तुमान घालणारी आजची मुलगीही पणजीचीच युक्ती नव्याने वापरते.

औषधांचेही तसेच. निघण्यापूर्वी खोबरेल तेलाचा हात फिरवावा. कोकणात कोकमाचे तेल लावतात. आयुर्वेदात काशाच्या वा तांब्याच्या भांड्यात शंभर वेळा पाण्याने धुतलेल्या तुपाचे शतधौत घृत आहे. पावडर कोरड्या अंगावर ठीक. घामाने भिजली की तिचे गोळे होतात आणि तेच काचतात. आज मात्र लोक दुकानातून विचारल्यावाचून मलमाची नळी आणतात. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. खाज तात्पुरती थांबते, आणि नायटा असला तर तो आतून हटवादी होऊन पसरतो. गेल्या दशकात आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ हेच कंठरवाने सांगत आहेत. दोन-चार दिवसांत लाली उतरली नाही, तर लाज सोडून डॉक्टरांना दाखवणे हेच खरे औषध.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण आधी तेल लावतो, मग उटणे, मग ऊन पाणी, आणि शेवटी कोरडे नवे वस्त्र. एवढाच क्रम प्रवासात पाळला तर निम्मा काच टळेल. उरलेल्या निम्म्यासाठी पिशवीत एक जादा पंचा असावा. आणि घरातली लेक, सून किंवा आई उन्हात निघाली असेल, तर "तुला कुठे काचत तर नाही ना?" असे विचारणारे कोणीतरी असावे. फराळाच्या ताटाशेजारी हा प्रश्न विचारल्याने दिवाळीचा काही विटाळ होत नाही.