हेल्मुट श्योन : विभाजित जर्मनीतील एका फुटबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द

प्रस्तावना :
क्रीडेचा इतिहास बहुधा विजय-पराजयांची नोंद म्हणून लिहिला जातो. तथापि देशाच्या सीमा बदलल्या की 'राष्ट्रीय संघ' या संकल्पनेचा अर्थही बदलतो. जर्मन फुटबॉलपटू व प्रशिक्षक हेल्मुट श्योन (१९१५–१९९६) यांच्या कारकिर्दीच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाडू :
ड्रेस्डेन येथे जन्मलेल्या श्योन यांनी १९३७ ते १९४१ या काळात जर्मनीकडून १६ सामन्यांत १७ गोल केले. त्यांच्या ड्रेस्डनर एस. सी. या क्लबने १९४३ व १९४४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात शहर उद्ध्वस्त झाले. सोव्हिएत अंमलात जुना क्लब विसर्जित होऊन त्याचे खेळाडू फ्रीडरिखश्टाट या नावाने खेळू लागले. परंतु नव्या राजवटीच्या दृष्टीने तोही भांडवलदारी परंपरेचा अवशेषच होता. एप्रिल १९५० मध्ये विजेतेपदाच्या निर्णायक सामन्यात त्स्विकाऊ संघाकडून १-५ असा पराभव झाल्यानंतर श्योन व त्यांचे अनेक सहकारी पश्चिम बर्लिनला गेले.

प्रशिक्षक :
१९५२ मध्ये श्योन सार प्रदेशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. फ्रान्सच्या संरक्षणाखालील या प्रदेशाला फिफाचे स्वतंत्र सदस्यत्व होते. १९५४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत या संघाने नॉर्वेला ऑस्लो येथे ३-२ असे नमविले. मात्र पश्चिम जर्मनीकडून तो ०-३ व १-३ असा पराभूत झाला. म्हणजेच श्योन पूर्वी ज्या जर्मनीकडून खेळले, त्याच नावाच्या संघाविरुद्ध ते उभे होते. पुढे १९५६ मध्ये ते पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक झेप हेरबेर्गर यांचे सहायक व १९६४ मध्ये प्रमुख प्रशिक्षक झाले. १९६६ चे विश्वचषक उपविजेतेपद व १९७२ चे युरोपीय अजिंक्यपद ही त्यांची फलिते होत. २२ जून १९७४ रोजी हॅम्बुर्ग येथे युर्गेन श्पारवासर यांच्या गोलमुळे पूर्व जर्मनीने त्यांच्या संघाला ०-१ असे हरविले. त्या संघामागील राज्यात श्योन यांचे जन्मगाव होते. त्यानंतर ७ जुलै रोजी म्युनिक येथे नेदरलँड्सला २-१ असे नमवून त्यांचा संघ विश्वविजेता ठरला. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले.

समारोप :
श्योन यांनी देश बदलला असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या देशाचेच तुकडे झाले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. केवळ पश्चिम जर्मनीच्या यशाच्या तक्त्यात त्यांना बसविल्यास ड्रेस्डेन व सार हे दोन्ही इतिहासातून निसटतात. म्हणूनच क्रीडा-इतिहासकाराने संघाच्या नावाइतकेच त्या नावामागील सीमांकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.