तुळईचा कंप आणि धरणीचे तरंग



मराठीच्या अध्यापकाने भूकंपाच्या गणिताचा इतिहास सांगावा, हे आपल्यापैकी अनेकांना विचित्र वाटेल. त्याचा खुलासा आरंभीच करतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनीच या विषयाचा पहिला धडा मला दिला, आणि तो याच शाळेच्या वर्गात.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. साडेचार वाजायला थोडा अवकाश होता. बेळगावातील आमच्या घरात आधी फडताळातील पितळी भांडी किणकिणू लागली. मांजर शिरले असे समजून आईने अंथरुणातूनच हाकारले. तेवढ्यात माजघराची सागवानी तुळई करकरली, कौलांखालची माती अंगावर पडली आणि वडिलांनी आम्हां भावंडांना अंगणात ओढले. त्या दिवशी वर्गात गुरुजींनी लाकडी पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून धरले आणि दुसरे वाकवून सोडले. पट्टी थरथरली. बाहेरचा भाग आखूड केला तसा कंप जलद झाला आणि आवाज चढला. “प्रत्येक वस्तूचा स्वतःचा असा कंप असतो. आज पहाटे आपली घरे आपापल्या कंपाने हलली,” एवढेच ते म्हणाले. त्या एका वाक्यामागे तीन शतकांचा इतिहास उभा आहे, हे मला फार उशिरा कळले.

भिंतीत एक टोक रोवलेली तुळई किती भार पेलेल, हा प्रश्न गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडला. त्याचे उत्तर चुकले. वाकलेल्या तुळईची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते, हे त्याच्या हिशेबात आले नव्हते. परंतु प्रश्न अचूक होता. अठराव्या शतकात डॅनियल बर्नुली आणि ऑयलर यांनी तुळईच्या वाकण्याचे आणि कंपनाचे गणित सिद्ध केले. तंबोऱ्याची तार निम्मी केली तर कंपांची संख्या दुप्पट होते. एका टोकाला धरलेली पट्टी निम्मी केली तर मात्र ती चौपट होते. गुरुजींच्या पट्टीचा आवाज एवढा झपाट्याने का चढला, त्याचे उत्तर या नियमात आहे.

दुसरा प्रवाह तरंगांचा. घन पदार्थातून दोन जातींचे तरंग जातात, हे फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८२९ च्या सुमारास कागदावर दाखवले. एक तरंग पदार्थाला पुढेमागे दाबत जातो, दुसरा आडवे हलवत जातो; पहिला अधिक वेगवान असतो. पृथ्वीच्या पोटात हे खरोखर घडते याचा पुरावा आपल्या देशाच्या भूमीवरील उत्पातातून मिळाला. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास करताना दूर युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या रेषा तपासल्या. त्यांत त्यांना हे दोन्ही तरंग आणि त्यांच्यामागून येणारे पृष्ठभागावरचे तरंग वेगवेगळे ओळखता आले. कोयनानगर बेळगावपासून सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटर आहे. पहिला तरंग तेथून अर्ध्या मिनिटात येतो आणि दुसरा त्यानंतर वीसएक सेकंदांनी. आमच्या घरची भांडी आधी का वाजली आणि तुळई मागाहून का करकरली, हे त्यावरून उमजते.

हे दोन प्रवाह जिथे मिळतात, तिथे अभियंत्याची परीक्षा असते. ऑयलरची तुळई सडपातळ आहे. आखूड आणि जाड वस्तूला तिचा नियम पुरत नाही, कारण तिच्यातील थर एकमेकांवर सरकू पाहतात. ही दुरुस्ती टिमोशेंको यांनी १९२१ मध्ये केली. पण कोयना धरण १०३ मीटर उंच, आणि त्याच्या उंच भागाचा पाया सुमारे ७० मीटर रुंद. त्याला तुळई तरी कसे म्हणावे? अशा वस्तूसाठी १९५० नंतर संगणकाच्या साहाय्याने नवी पद्धत घडली. वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पावयाचे, प्रत्येकाचे साधे गणित मांडावयाचे आणि सांध्यांवर सर्वांचा मेळ घालावयाचा. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लफ यांनी १९६० मध्ये या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले.

कोयनेचा आराखडा मात्र जुन्या रीतीने तपासलेला होता. धरणाच्या वजनाच्या ५ टक्के एवढे बल आडवे लागेल, तेही तळापासून माथ्यापर्यंत सारख्याच प्रमाणात, असे धरले होते. दख्खनचे पठार स्थिर आहे, हे तेव्हाचे सर्वमान्य मत होते. त्या पहाटेच्या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.३ होती. धरणातच बसवलेल्या यंत्राने नोंदवलेला हादरा नदीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता. धरण टिकले, पण उंच भागांना आडव्या भेगा पडल्या. बर्कली येथे अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी ती नोंद घेऊन नव्या पद्धतीने गणित केले. ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. हलणाऱ्या पट्टीचे मोकळे टोक अधिक हलते, तसाच धरणाचा माथा अधिक हलला होता. जिथे मागच्या बाजूचा ढाळ बदलतो, तिथे काँक्रीटला न पेलणारा ताण एकवटला होता, आणि प्रत्यक्षातील भेगाही त्याच पातळीच्या आसपास होत्या. पुढे धरणाला मागून भक्कम आधार बांधण्यात आले.

जुना हिशेब करणाऱ्यांची बेरीज चुकली नव्हती. चुकले ते बेरजेआधीचे गृहीतक. धक्का हा एकदा लावलेला दाब नसून कंप आहे, आणि पठार हलणारच नाही असे नाही, या दोन्ही गोष्टी हिशेबाबाहेर राहिल्या होत्या.

इथेच हा इतिहास संपला असता तर मी समाधानाने बसलो असतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. तीव्रता ६.२. सात हजारांहून अधिक माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छप्पर यांनी झोपलेल्या माणसांना गाडले. शासकीय नकाशात तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागच नकाशातून काढून टाकण्यात आला. कोयना आणि किल्लारी यांच्यात सव्वीस वर्षांचे अंतर आहे. धरणाने घेतलेला धडा घरांपर्यंत पोहोचला नाही.

त्या सव्वीस वर्षांपैकी निम्म्याहून अधिक काळ मी मराठी शिकवत होतो. कंप, कंपन, कंपित या शब्दांवर मी तासन् तास बोललो. भिंतीच्या आतबाहेरच्या थरांना सांधणारे लांब दगड का घालावेत, छपरावरची माती का कमी करावी, हे गवंड्याला कळेल अशा मराठीत लिहिण्याचे काम आपले आहे, असे मला एकदाही वाटले नाही. शास्त्रज्ञांनी आपले काम केले होते. भाषेचे काम आमच्याकडे होते, आणि ते आम्ही केले नाही. ही माझी कबुली आहे.

गुरुजींना धरणाचे गणित येत होते की नाही, मला माहीत नाही. परंतु भूकंपाच्याच दिवशी, घाबरलेल्या मुलांसमोर, घरातल्या मराठीत त्यांनी एक खरी गोष्ट सांगितली. येथे बसलेल्या तरुण अभियंत्यांना आणि शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे, की आपल्या विद्येतली एक तरी खरी गोष्ट आपल्या गावच्या गवंड्याला समजेल अशी सांगा. त्या पट्टीचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.