बालाघाटाची पुस्तके

बीड जिल्ह्याची निसर्गानेच दोन भागांत वाटणी केली आहे. उत्तरेस गोदावरीकाठची काळी, सखल जमीन. तिला लोक गंगथडी म्हणतात. दक्षिणेस व पश्चिमेस बालाघाटाचे पठार, म्हणजे माळरान, उथळ माती आणि बेभरवशाचा पाऊस. ही डोंगररांग फारशी उंच नाही. परंतु पाण्याने कोणीकडे जावे हे तीच ठरविते. पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या दोन नद्या पाहाव्यात. सिंदफणा उत्तरेस वळून जिल्ह्यातच, मांजरथ येथे, गोदावरीस मिळते. मांजरा मात्र पूर्वेची वाट धरते आणि कर्नाटक, तेलंगण असा सातशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून कंदकुर्तीस त्याच गोदावरीला भेटते.

अशा मुलखाचे वर्णन प्रथम कोणी लिहून ठेवले असेल, तर ते महानुभाव पंथाच्या साधकांनी. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, चक्रधरस्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्यांना भेटले आणि त्यांच्या आठवणी पडताळून घेतल्या. संत लूकच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ ज्यांना स्मरतो, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. पुढे चौदाव्या शतकात मुनिव्यासांची 'स्थानपोथी' आली. स्वामी कोठे थांबले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, एवढीच तिची जिज्ञासा. गेवराई तालुक्यातील, गोदावरीतीरावरचे पांचाळेश्वर हे या पंथाचे मोठे तीर्थ. भक्तीपोटी लिहिलेली ही पोथी आज भूगोलाचा अस्सल दस्तऐवज ठरते. तिच्या लेखकाला महसूल गोळा करावयाचा नव्हता, हे विसरता कामा नये.

इंग्रजी अमलात ग्रंथ राज्यकर्त्यांच्या सरहद्दी पाहून लिहिले गेले. मुंबई सरकारने जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियर काढली. अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) जाडजूड ग्रंथ १८८४ साली निघाला. जामखेड इंग्रजांकडे असल्याने त्यात समाविष्ट झाले. शेजारचे पाटोदे निजामाच्या राज्यात, म्हणून बाहेर राहिले. माती तीच, दुष्काळही तोच!

निजामी मुलखाला १९०९ सालच्या इंपीरियल गॅझेटियरच्या हैदराबाद खंडात जागा मिळाली. बीडच्या वाट्याला त्यात मोजकीच पाने आली. परंतु त्यांतले आकडे थांबून वाचावेत असे आहेत. १८९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४२ हजार होती. १९०१ साली ती ४ लाख ९२ हजार भरली. दहा वर्षांत दीड लाख माणसे कमी! गॅझेटियरकार याचे कारण दुष्काळ म्हणून सांगतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. त्या माणसांपैकी किती मेली आणि किती परागंदा झाली, हे त्या पानांवरून उमगत नाही.

मराठवाडा १९४८ साली निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. बीडचे स्वतंत्र गॅझेटियर १९६९ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे नगरनंतर तब्बल ८५ वर्षांनी, आणि तेही इंग्रजीत. तीनच वर्षांनी, १९७२ साली, महाराष्ट्रावर मोठा दुष्काळ कोसळला.

जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्याही खाली आहे, आणि पठारावर त्याचाही भरवसा नाही. म्हणूनच पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर या भागांतील कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव अवजारावर यावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. २०१९ साली याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. बालाघाटाचा इतिहास वाचू इच्छिणाऱ्याने त्या चौकशीचे कागदही गॅझेटियरच्या शेजारी ठेवावेत. मुनिव्यासांनी एका वाटसरूची मुक्कामाची ठिकाणे नोंदवून ठेवली. दरवर्षी घराला कुलूप लावून निघणाऱ्या या हजारो वाटसरूंचे तळही कोठल्या कारखान्याजवळ, कोठल्या ओढ्याकाठी पडतात, हे त्यांच्यासोबत हिंडून, त्यांच्याच तोंडून ऐकून लिहिता येईल.