संत्र्याचा वाडगा

खेळाच्या बाबतीत माझी पात्रता पहिल्यापासून प्रेक्षकाची, आणि तीही मागच्या रांगेतल्या. शाळेत कबड्डीचे दोन संघ पाडताना सगळी मुलं वाटून झाली की शेवटी मी आणि मास्तरांची छत्री एवढंच उरायचं. आणि त्यातही छत्री आधी उचलली जायची. असा मी, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, अमेरिकन फुटबॉलवर लेख लिहायला बसलो आहे हे कळल्यावर आमची ही एवढंच म्हणाली, “अहो, आधी ब्लडप्रेशरची गोळी घ्या.”

त्याचं असं झालं, की आम्ही तीन महिने लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला होतो. परदेशी लेकीकडे गेलेल्या बापाला ठरावीक कामं असतात. डिशवॉशरमध्ये भांडी चुकीची लावायची, नातवाला मराठी शिकवता शिकवता आपलं इंग्रजी बिघडवून घ्यायचं, आणि सकाळी घरातल्यांच्या पायात येऊ नये म्हणून फिरायला जायचं. मी फिरायला जायचो ते केझार स्टेडियमवर. गोल्डन गेट पार्कच्या कोपऱ्यातलं हे मैदान. आता लहानसं आणि गुणी दिसतं, पण १९८९ साली पाडलेलं इथलं जुनं स्टेडियम जवळजवळ साठ हजार माणसांचं होतं. सकाळी धुकं इतकं, की ट्रॅकवर आपल्यापुढे चालणारा माणूस आहे की आपलीच गेल्या फेरीतली सावली आहे, कळू नये.

त्या धुक्यातून एक दिवस एक आजोबा बाहेर पडले. ऐंशी ओलांडलेले, हातात कॉफीचा पेला. जगातले सगळे पेन्शनर एकमेकांना लांबून ओळखतात. पहिल्या दिवशी हवा, दुसऱ्या दिवशी गुडघे, तिसऱ्या दिवशी मुलं फोन करत नाहीत. एवढे विषय संपल्यावर चौथ्या दिवशी ते मैदानाकडे बोट दाखवून म्हणाले, “एक्कावन्न साली मी इथे वडिलांच्या शेजारी बसून डॉन्सना बघितलंय.”

आता मुंबईच्या माणसाला ‘डॉन’ म्हटल्यावर जे आठवतं तेच मला आठवलं, आणि मी थोडा बाजूला सरकलो. मग कळलं, की हे डॉन म्हणजे स्पॅनिश सरदार, आणि ‘डॉन्स’ हे युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचं नाव. नाव भारदस्त, पण संस्था छोटी. आपल्या मुंबईच्या सेंट झेवियर्ससारखंच जेझुइट पाद्र्यांनी चालवलेलं कॉलेज.

त्यानंतरचे आठ दिवस आजोबांनी मला तो खेळ शिकवला. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध चुलत. चेंडूही गोल नाही. असोल्या नारळासारखा दोन्हीकडे निमुळता. तो बगलेत मारून चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू दुसऱ्याला द्यायचा. म्हणजे सरकारी कचेरीतली फाइलच! फरक एवढाच, की आपल्याकडे फाइल चार प्रयत्नांत सरकली नाही म्हणून कुणी टेबलावरून काढून घेत नाही. आणखी एक गंमत म्हणजे प्रत्येक प्रयत्नाआधी अकराच्या अकरा जण डोक्याला डोकं लावून मीटिंग भरवतात. मी बारा वर्षं हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मीटिंग संपल्याबरोबर खरोखरच काहीतरी घडतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि मला भरून आलं.

तर हे १९५१ साल. महायुद्ध संपून सहा वर्षं झालेली. लढाईवरून परत आलेल्या पोरांना सरकारने शिक्षणाला पैसे दिले होते, त्यामुळे अमेरिकेतल्या कॉलेजांत मिशा फुटण्याआधी बंदुका चालवून आलेले विद्यार्थी भरले होते. डॉन्सच्या संघातला जिनो मार्केटी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी युरोपात जर्मनांशी लढून आलेला. दुसरा बॉब सेंट क्लेअर, उंची सहा फूट नऊ इंच. हा कच्चं मांस खायचा म्हणे. अशा माणसाला अडवायला समोर कोण उभं राहणार? पण खरा हिरा म्हणजे ऑली मॅटसन. बगलेत चेंडू घेऊन सुटला की मागचे नुसते त्याच्या पाठीवरचा नंबर वाचत राहायचे. त्याच्या जोडीला बचावातला आधारस्तंभ बर्ल टोलर. दोघं १९४८ साली शहरातल्याच सिटी कॉलेजमध्ये एकत्र खेळलेले. आणि संघात हे दोघंच कृष्णवर्णीय.

कोच होता जो कुहारिक. ज्याच्याकडे बाकी काही नसतं त्याच्याकडे शिस्त असते, तसा तो कडक होता. कारण कॉलेजकडे पैसे नव्हते. शहरात १९४६ पासून फॉर्टी नाइनर्स हा व्यावसायिक संघ सुरू झालेला, तोही याच केझारवर खेळायचा. तिकिटाचे पैसे मोजणारा माणूस तिकडे जायचा. शेजारचं सेंट मेरीज कॉलेज १९५० च्या हंगामानंतर फुटबॉल बंद करून मोकळं झालं होतं. डॉन्सशी खेळायलाही कुणी मिळेना. मोठ्या विद्यापीठांची नावं त्या वर्षीच्या वेळापत्रकात नाहीतच. शेवटी मरीन सैनिकांचा एक संघ, आरमाराचा एक, आणि सॅन होजे स्टेट या एकाच शेजाऱ्याशी दोनदा सामना. गल्लीत दुसरा भिडू नसला की आपण त्याच त्या काकांशी बुद्धिबळ खेळतो, तसं.

पण खेळले काय! त्या शेजाऱ्याला पहिल्यांदा ३९-२ असं हरवलं. दुसऱ्यांदा बिचारा सावध होऊन आला, तेव्हा ४२-७. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ असं नमवलं, त्यात मॅटसनने दोन किकऑफ मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला नेऊन ठेवले. कॉलेज ऑफ पॅसिफिक म्हणजे त्या भागातलं मोठं नाव, त्यांना ४७-१४. शेवटी लॉस एंजेलिसच्या लोयोलाला २०-२. नऊ सामने, नऊ विजय. मॅटसनने त्या हंगामात १५६६ यार्ड धाव घेतली, देशात सर्वांत जास्त, आणि २१ टचडाउन केले. या सगळ्याची बातमी वर्तमानपत्रांना पुरवणारा कॉलेजचा तरुण प्रसिद्धीवाला होता पीट रोझेल. पुढे १९६० ते १९८९ अशी एकोणतीस वर्षं त्याने आख्खी एनएफएल चालवली.

आता अमेरिकेत हंगाम संपला की चांगल्या संघांना नवीन वर्षाच्या सुमारास ‘बाउल’ सामन्यांची निमंत्रणं येतात. ‘बाउल’ म्हणजे वाडगा. स्टेडियमचा आकार वाडग्यासारखा, म्हणून हे नाव पडलं. कॅलिफोर्नियात गुलाबाचा वाडगा, न्यू ऑर्लिन्सला साखरेचा, आणि फ्लोरिडात मायामीला संत्र्याचा. नागपूरच्या माणसाने हे स्पर्धेचं नाव आहे यावर विश्वासच ठेवला नसता. पण गंमत बाजूला ठेवा. वाडग्यात पैसा होता. असा एक सामना मिळता, तर डॉन्सचा तोट्यातला संसार सावरण्याची आशा होती.

मायामीहून सांगावा आला. या, पण ते दोघे नकोत. दक्षिणेकडे तेव्हा गोऱ्या-काळ्यांची शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, बसमधलं बाकडं वेगळं. मैदान तरी एक कसं असेल? जाहीरपणे कारण दिलं गेलं ते निराळंच: यांचं वेळापत्रक कच्चं आहे. अशा वेळी द्यायला सभ्य कारण नेहमी हाताशी असतं.

इथे मी आजोबांना विचारलं, “मग मीटिंग झाली असेल?” माझ्या डोळ्यांसमोर ठराव, अनुमोदन, उपसमिती, आणि ‘दोघांची समजूत काढावी’ असं सुचवणारे एक ज्येष्ठ सभासद. आजोबा म्हणाले, संघाचं उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. गेलो तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. ज्या मुलांना सुट्टीत फुकटचा समुद्रकिनारा आणि देशभर नाव मिळणार होतं, त्यातल्या बहुतेकांना आपण मोठं काही करतो आहोत हेही वाटलं नसावं. दोन माणसं घरी ठेवून संघ कसा होईल, एवढाच साधा हिशेब. १ जानेवारी १९५२ ला जॉर्जिया टेकने बेलरला १७-१४ असं हरवून तो वाडगा नेला, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलेजने पैसे नाहीत म्हणून आपला फुटबॉलच बंद केला. एकही सामना न हरलेला संघ, पुढच्या हंगामाला उरलाच नाही.

पुढे मार्केटी, मॅटसन आणि सेंट क्लेअर हे तिघं व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्यात दोन पदकं मिळवली. टोलरचा गुडघा त्याच वर्षी निकामी झाला. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ साली एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच. ज्याला मैदानात येऊ नको म्हणाले, तोच शिट्टी घेऊन मैदानात उभा! २००६ साली कॉलेजने त्या संघाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. पंचावन्न वर्षांनी. आमच्या खात्यातला एरियर्ससुद्धा एवढा उशीर करत नाही.

गोष्ट संपली. आजोबांनी रिकामा पेला चिरडला आणि सहज विचारलं, “तुम्ही कधी एखाद्या संघात होता का?”

होतो. १९८१ साली. मुंबईतल्या आमच्या ऑफिसच्या क्रिकेट संघात मी बारावा गडी होतो. म्हणजे खरं खातं लिंबूसरबताचं. आमचा एकुलता एक फास्ट बोलर होता आमच्याच सेक्शनचा शिपाई. त्याने एकट्याने आम्हाला फायनल जिंकून दिली. मग साहेबांच्या क्लबात जेवण ठरलं. आदल्या दिवशी कुणीतरी हळूच सांगितलं, की क्लबात अधिकारी आणि कारकून चालतील. शिपायाचं ‘जरा अवघड’ आहे. त्याचं बक्षीस पाकिटात घालून देऊ. आम्ही अकरा जण एकमेकांकडे बघत राहिलो. मीटिंग अशी नाहीच झाली; उत्तरही एका शब्दात द्यावं लागलं नाही. आम्ही गप्प बसलो, ते पुरलं. तो पाकीट घेऊन, “या साहेब,” असं म्हणून स्टेशनकडे गेला. क्लबात श्रीखंड फार छान होतं. मी वाटी दोनदा पुढे केली होती.

हे काही मी आजोबांना सांगितलं नाही. “मी बारावा गडी होतो,” एवढंच म्हणालो. ते हसले, त्यांना वाटलं विनोद केला. धुकं निवळलं होतं. आम्ही दोघांनी आणखी एक फेरी मारली, न बोलता.

त्या रात्री लेकीने इंडियन स्टोअरमधून खास बाबांसाठी म्हणून श्रीखंड आणलं होतं. मी वाटी बाजूला सारली. लेक म्हणाली, “बाबा, बरं नाही का?” आमच्या हिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. नंतर फ्रीजमध्ये वाटी ठेवता ठेवता ती लेकीला दबक्या आवाजात सांगत होती, ते मी ऐकलं: “उद्या त्यांची शुगर तपासून आण गं. चाळीस वर्षांत श्रीखंडाला पहिल्यांदा नाही म्हणालेत.”