मापाचे माप

वाण्याच्या तागडीतले लोखंडी वजन आपण कधी उलटे करून पाहिले आहे का? त्याच्या पोटात शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर सरकारी शिक्का असतो. हे वजन कधी तपासले, ते त्या शिक्क्यावरून कळते. ‘मापात पाप’ होऊ नये म्हणून ही खबरदारी. पण हे पाप नेहमी लबाडीनेच घडते असे नाही. वजन झिजते, काटा वाकतो, आणि सचोटीचा दुकानदारही नकळत कमी माप देऊन बसतो. म्हणून शहाण्या गिऱ्हाइकाने विचारायचे ते एवढेच, की हे वजन शेवटी कधी तपासले, आणि त्याची नोंद कुठे आहे?

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस एका प्रचंड यंत्राला विचारावा लागला. त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनेव्हाजवळ, ‘सर्न’ ही संशोधनसंस्था आहे. तिथे जमिनीखाली सुमारे २७ किलोमीटर घेराचा गोल बोगदा खणून ‘लेप’ नावाचे यंत्र बसवले होते. १९८९ ते २००० या काळात ते चालले. त्यात इलेक्ट्रॉन एका दिशेने आणि त्यांचे प्रतिकण पॉझिट्रॉन उलट दिशेने धावत, आणि चार ठिकाणी त्यांची टक्कर होई. त्या चार ठिकाणी टकरीतून काय निपजते ते टिपणारी चार उपकरणे होती : अलेफ, डेल्फी, एल-३ आणि ओपल. १९९५ पर्यंत या चौघांनी मिळून ‘झेड’ नावाच्या जड कणाच्या सुमारे १ कोटी ७० लाख घटना नोंदवल्या. एवढा खटाटोप कशासाठी? तर झेड कणाचे वस्तुमान आणि त्याच्या मोडण्याची रीत अचूक कळली, की सृष्टीत हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार किती, हे सांगता येते. द्रव्याची कुळे तीनच की आणखी एखादे लपलेले आहे, असा हा प्रश्न होता.

आता ही उपकरणे मोजतात कशी, ते बघा. एल-३ मध्ये बिस्मथ जर्मनेटचे सुमारे अकरा हजार स्फटिक होते. या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही सहभागी होते. इलेक्ट्रॉन स्फटिकात शिरला की प्रकाश उमटतो, आणि प्रकाश जितका जास्त तितकी त्या कणाची ऊर्जा जास्त. सोपं वाटतं ना? पण हा स्फटिक एका अंशाने तापला, की त्याचा प्रकाश शेकडा सुमारे दीडने घटतो. म्हणजे खोलीतली हवा बदलली तरी माप बदलले! म्हणून तापमान सतत टिपायचे, आणि प्रत्येक स्फटिकाच्या आकड्याला किती दुरुस्ती लावायची हे ठरवायचे. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. आपण मापाची पारख म्हणू. ही दुरुस्ती कायमची नसते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच ती खरी. म्हणून शास्त्रज्ञ दोन वह्या ठेवतात. एकीत उपकरणाने दिलेले मूळ आकडे. त्यांना हात लावायचा नाही. दुसरीत तारीखवार दुरुस्त्या. पुढे दुरुस्तीच चुकली असे कळले, तर दुसरी वही बदलायची आणि हिशेब पुन्हा मांडायचा.

ही शिस्त किती उपयोगी पडते, ते झोताच्या ऊर्जेच्या मोजणीत दिसले. ऊर्जेत न उलगडणारे फरक येऊ लागले. संशय कोणावर? चक्क चंद्रावर! समुद्राला भरती येते तशी ती जमिनीलाही येते, फक्त आपल्याला जाणवत नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये पौर्णिमेच्या सुमारास दिवसरात्र मोजणी करून ही गोष्ट पडताळून पाहिली. २७ किलोमीटरच्या घेरात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडत होता. पण तेवढ्याने झोताची ऊर्जा दहा हजारांत सुमारे दोन भागांनी हलत होती. पाऊस आणि जिनेव्हा सरोवराच्या पाण्याचा भार यांनीही बोगदा किंचित दबतो-फुगतो, असे पुढे आढळले.

तरी एक कोडे उरलेच. चुंबकांचे क्षेत्र दिवसा अस्वस्थ असे, मध्यरात्रीनंतर काही तास शांत होई आणि पहाटे पुन्हा चळवळू लागे. १९९५ मध्ये उलगडा झाला : ही करणी आगगाडीची! जवळच्या फ्रेंच रेल्वेला १५०० व्होल्टची एकदिश वीज होती. गाडीतली वीज रुळांतून परतताना थोडी जमिनीत झिरपे आणि लेपच्या धातूच्या नळीतून वाट काढी. ती असे अवघी एक अँपिअरच्या आसपास, पण चुंबकांना हुसकायला तेवढी पुरे. जिनेव्हाहून पॅरिसची जलद गाडी सुटली, की रुळांतल्या, नळीतल्या आणि चुंबकातल्या आलेखांवर एकाच क्षणी धक्का उमटे.

कारण सापडले १९९५ मध्ये. पण १९९३ च्या आकड्यांचे काय? मूळ नोंदी शाबूत होत्या, म्हणून नव्या ज्ञानाने जुना हिशेबही सुधारता आला. शेवटी झेडचे वस्तुमान ठरले ९१.१८७५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि संभाव्य चूक लाखात दोनच्या आसपास.

गोष्ट इथेच संपत नाही. एकूण टकरी किती झाल्या हे मोजायला एक प्रमाण घटना लागते. त्यासाठी निवडली होती इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून विखुरण्याची क्रिया. तिचे गणित १९३५ च्या सुमारास केंब्रिजमध्ये मांडले ते मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी, आणि जगभर तिला ‘भाभा विकिरण’च म्हणतात. टाटा संस्थेचे संस्थापकही तेच. ते १९६६ मध्ये निवर्तले. त्यांच्या सूत्राने पुढे या महायंत्राची तागडी तपासली!

या मोजणीवरून न्यूट्रिनोंचे प्रकार निघाले २.९८४०, आणि संभाव्य चूक ०.००८२. म्हणजे तीनपेक्षा कमी, आणि ती तूट संभाव्य चुकीच्या जवळजवळ दुप्पट. फार नव्हे, पण मनाला टोचणारी. तोवर लेप बंद होऊन त्याचे सुटे भाग निघाले होते. त्याच बोगद्यात दुसरे यंत्र बसले होते. पुन्हा प्रयोग करणे अशक्य. पण २०१९ च्या सुमारास काही संशोधकांनी जुनी कागदपत्रे पुन्हा उघडली. तेव्हा दिसले, की समोरून येणारा झोत विखुरलेल्या कणांना किंचित आत ओढत असे. त्यामुळे हजारात सुमारे एक घटना मोजणीतून निसटली होती. ही दुरुस्ती केली, भाभा विकिरणाचे अधिक काटेकोर गणित वापरले, आणि उत्तर आले २.९९६३, संभाव्य चूक ०.००७४. तीन ते तीनच!

हे साधले कशाने? कोणत्या वर्षी झोतांची ठेवण कशी होती, मोजणाऱ्या उपकरणांच्या कडा नेमक्या कुठे होत्या, हे कोणीतरी मन लावून लिहून ठेवले होते. लिहिणाऱ्याला त्याचा असा उपयोग होईल याची कल्पनाही नसेल.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काही विद्यार्थी उत्तर जमले नाही की मूळ आकडाच खोडरबराने पुसतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो. आकडा चुकला तर लाज नाही. पण आकडा पुसला, की तो कशाने चुकला हे शोधायची वाटच बंद होते.