उपासनाविधी, मध्ययुगीन ख्रिस्ती

सामुदायिक ख्रिस्ती उपासनेची भाषा, प्रार्थनांचा क्रम, सणांची गणना व संस्कारांची पद्धती यांची परंपरेने ठरलेली व्यवस्था. मध्ययुगात (सु. ५००–१५००) ही व्यवस्था प्रदेशपरत्वे भिन्न होती. श्रद्धेची मूलतत्त्वे समान असली, तरी विधीही सर्वत्र एकच असावा, असे बंधन दीर्घकाळ नव्हते. उपासनेचे ग्रंथ हस्तलिखित असल्याने प्रत्येक बिशपच्या क्षेत्रात त्यांना स्थानिक वळण लागे.

यूरोपात रोमन विधीखेरीज मिलानचा अँब्रोझीय, स्पेनचा मोझारबिक व फ्रान्सचा गॅलिकन हे विधी प्रमुख होते. अँब्रोझीय विधीत उपवासकाळ राखेच्या बुधवारऐवजी त्यानंतरच्या रविवारी सुरू होतो. मोझारबिक विधीत ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचे नऊ तुकडे क्रुसाच्या आकारात मांडतात. आठव्या शतकात पेपिन व शार्लमेन यांच्या धोरणामुळे गॅलिकन विधी मागे पडला. कॅस्टीलमध्ये १०८० च्या बर्गोस धर्मसभेने रोमन विधी स्वीकारला. तोलेदोत मात्र जुना विधी टिकून राहिला.

पूर्वेकडील विधींपैकी इराणमधील चर्चच्या पूर्व सिरियन विधीचा संबंध महाराष्ट्राशी येतो. त्याची भाषा सिरियाक होती. सहाव्या शतकातील कॉस्मस या लेखकाने कल्लिआना (बहुधा कल्याण) येथे इराणमधून नियुक्त झालेला बिशप असल्याचे नमूद केले आहे. १३२१ मध्ये ठाणे येथे मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन याच परंपरेच्या (नेस्टोरियन) एका कुटुंबात उतरले होते. विधिभेद त्या आतिथ्याच्या आड आला नाही.

मुद्रणकलेमुळे एकरूपता शक्य झाली. पोप पाचवा पायस याने १५७० मध्ये मिस्साग्रंथाची प्रमाण आवृत्ती लागू केली. तथापि दोनशे वर्षांहून जुन्या लॅटिन विधींना त्याने सूट दिली. केरळातील त्याहून प्राचीन सिरियन परंपरेच्या वाट्याला अशी उदारता आली नाही. गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस याने १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे भरविलेल्या धर्मसभेने तेथील विधीत लॅटिन धर्तीचे बदल केले व अनेक सिरियाक ग्रंथ पाखंडी ठरविले. त्यांपैकी कित्येक जाळण्यात आल्याने भारतीय ख्रिस्ती इतिहासाची मोलाची साधने कायमची हरपली. पुढे असंतोष वाढून १६५३ मध्ये कूनन क्रूसाची शपथ घेतली गेली व समाज दुभंगला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) पौर्वात्य विधींची समान प्रतिष्ठा मान्य केली. १९८८ मध्ये कल्याण येथे सीरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला आणि पूर्व सिरियन परंपरेचा बिशप या नगरास पुन्हा लाभला.